नावांत राहिलेली गावे

भूगोल म्हणजे नावांची निव्वळ घोकंपट्टी, असे मी लहानपणी समजत असे. एकदा हॉलंडचा नकाशा काढावयाचा होता. तेथील खेड्यांची लांबलचक नावे लिहिण्याचा कंटाळा येऊन मी कित्येकांची शेवटची अक्षरे खुशाल गाळून टाकिली! गुरुजींनी वही पाहिली, पण रागे न भरता ते एवढेच म्हणाले, "बाळ, तू अक्षरे गाळली नाहीस, त्या लोकांचे कष्ट गाळलेस." या बोलण्याचा अर्थ मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळला.

हॉलंडचा बराच भाग समुद्रसपाटीहून खाली आहे. तेथील भूमी आयती मिळालेली नाही; ती पाण्याशी झुंजून मिळवावी लागली. ही झुंज नावांच्या शेवटी लिहिलेली आढळते. आम्स्टल नदीवर 'डाम' म्हणजे धरण घातले, ते आम्स्टरडॅम. आज राजधानी असलेले हे नगर आरंभी कोळ्यांचे खेडेच होते! 'डाइक' म्हणजे पाणी अडविणारा बांध. किंडरडाइक म्हणजे मुलांचा बांध. १४२१ च्या महापुरात एक पाळणा तान्ह्या बाळासह तरंगत येथे आला व एका मांजराने त्याचा तोल सांभाळिला, अशी दंतकथा आहे. 'केर्के' म्हणजे ख्रिस्तमंदिर. आख्टेकेर्के हे खेडे संत आगाथेचे नाव मिरविते.

मला सर्वांत प्रिय झाला तो बोस्कोप, नीउकोप या नावांतील 'कोप' शब्द. 'कोप' म्हणजे करार. मध्ययुगात तेथील सत्ताधीश ओसाड दलदलीची जमीन कष्टकऱ्यांस नेमून देत. त्यांनी चर खणून पाणी काढावे, शेती करावी, अल्पसा कर भरावा आणि स्वतंत्र मनुष्य म्हणून राहावे, असा तो करार असे. ज्या अक्षरांवर मी काट मारिली, त्यांत कोणा शेतकऱ्याचे स्वातंत्र्य होते!

नावे भूमीहूनही चिवट असतात. झूटरमेर म्हणजे गोड्या पाण्याचे सरोवर. ते सरोवर सतराव्या शतकातच आटविण्यात आले. नाव मात्र राहिले. झीलंड प्रांतातील राइमर्सवाल या गावावर १५३० साली समुद्र लोटला. लोकांनी शंभर वर्षे धीर धरिला. अखेर १६३२ साली उरलेलेही निघून गेले, आणि गाव पाण्याखाली गेले. परंतु १९७० साली तेथील काही खेडी एकत्र करून जी नवी नगरपालिका स्थापिली, तिला त्या बुडालेल्या गावाचेच नाव दिले.

विद्यार्थिमित्रहो, आता नकाशा काढिताना मी एकही अक्षर गाळीत नाही.