परमुलखातही काळीच माती



दारव्हा तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून मी इंग्रजी शिकवायला आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात गेलो, ही गोष्ट १९७१ सालची. तिथे सातवीपासून पुढचे शिक्षण इंग्रजीतून, आणि शिकवणारे कमी. म्हणून त्या काळी पुष्कळ भारतीय शिक्षक तिकडे होते. निघताना मनात एकच होते : सुटलो बुवा या वावरातून!

माझी शाळा देब्रे झेइत या गावी. आज त्याला बिशोफ्तू म्हणतात. राजधानी अदिस अबाबापासून ते पन्नासेक किलोमीटरवर. गावाबाहेर पडलो आणि पाहतो तो काय, आपल्यासारखीच काळी चिकण माती! पावसात पाय रुतावा, उन्हाळ्यात भेगा पडाव्यात. तोच लाकडी नांगर, तीच बैलजोडी. पाऊस सरला की ओलीवर हरभरा पेरायचा, हेही तसेच.

तिथले घड्याळ मात्र निराळे. दिवस उगवला की तास मोजायचे. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. शेजाऱ्यांनी दोन वाजता कॉफीला बोलावले. मी भर दुपारी दोनला गेलो. ती माणसे बिचारी सकाळी आठपासून वाट पाहत बसलेली! जेवणात इंजेरा. टेफ नावाच्या खसखशीएवढ्या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेले ते मोठे धिरडेच. आणि बाजारात कारळे दिसले तेव्हा मायच्या हातची चटणी आठवून डोळ्यांत पाणी आले. पुढे कळले, कारळे मूळचे तिथलेच पीक.

रविवारी आम्ही तळ्यांवर फिरायला जायचो. जुन्या ज्वालामुखींच्या खोल मुखांत पाणी साठून तिथे तळी झाली आहेत. होरा हे त्यांतलेच एक. पावसाळा संपला की तिथले ओरोमो लोक हातात हिरवे गवत घेऊन या तळ्याकाठी जमतात आणि पावसाचे उपकार मानतात. या सणाला इरेचा म्हणतात. मला आपला पोळा आठवला.

अशाच एका रविवारी तळ्यावरून परतताना, वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा धुऱ्यावर थांबला. अडखळत, पण इंग्रजीतच त्याने विचारले, "सर, तुमचे वडील पेरणीआधी किती वेळा नांगरतात?"

मला सांगता येईना. शेतकऱ्याचा पोरगा मी. पण शिकायला बाहेर राहिलो, सुटीत आलो तरी पुस्तकात डोके. मान खाली गेली.

त्याच रात्री बाबांना पत्र लिहिले. बाबांना अक्षरओळख नव्हती. एरवी त्यांचे उत्तर चार ओळींचे : आम्ही खुशाल, तू खुशाल अस. या वेळी गावातल्या कुणाकडून तरी त्यांनी दोन पाने भरून लिहवून घेतले. आपल्या वावरात दरसाल नांगर लागत नाही, तीन सालांतून एकदा पुरे. पण वखराच्या दोन-तीन पाळ्या दरसाल हव्यातच. वापसा आल्याशिवाय तिफण घालू नये. तास वाकडे गेले तर डवऱ्याचे बैल परहाटी तुडवतात.

ते पत्र मी इंग्रजी करून वर्गाला वाचून दाखवले. मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. तो न बोलणारा मुलगा फळ्यापाशी आला, त्याने आपला नांगर काढला आणि एकेका भागाचे नाव इंग्रजीत विचारून लिहिले. इतका चांगला तास मी पुन्हा घेतला नाही.

१९७३ साली मी परतलो. बाबा दोन महिने आधीच गेले होते. "तुमचे पत्र वर्गात वाचले," हे त्यांना सांगायचे राहूनच गेले.

म्हणून सांगतो, तुमची मुले इंग्रजी शिकोत, दूरदेशी जावोत; पण जाण्याआधी एकदा त्यांना धुऱ्यावर बसवा आणि तुम्हांला जे येते ते त्यांच्याच हातून लिहून घ्या. बाबांची ती दोन पाने आजही माझ्या पेटीत आहेत.