गालावरची वीज

सकाळी पोह्यांवरची शेव चावताना कानापुढे कळ उठे. इंदूरच्या दंतवैद्यांनी दोन्ही गालांच्या चर्वणस्नायूंवर चिकट पट्ट्या लावून यंत्रातून सौम्य वीज सोडली. गालांना मुंग्या आल्या. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलेला द्वारसिद्धान्त त्यांनी सांगितला : मज्जासंस्थेच्या दारात निरुपद्रवी संवेदनांची गर्दी झाली, की वेदनेला आत शिरकाव कमी मिळतो. भोपाळच्या सचिवालयात हयात गेलेल्या मला ते दार ओळखीचे वाटले!

उठताना तोंडात दोनऐवजी तीन बोटे मावली. आराम मात्र काही तासांचाच. झोपेत दात आवळण्याची खोड विजेने जात नाही. ‘‘साहेबांपुढे गिळलेले शब्द आता चावता आहात,’’ असे सौ. म्हणते. मध्यरात्री तिची हलकी हाक येते, ‘‘अहो, दात!’’