वसईला जायचं ठरतंय

गेल्या महिन्यात रात्री जेवणं झाल्यावर लेकीने फोनवर एक यादी काढून दाखवली. शनिवार-रविवार धरून समुद्रकाठच्या एखाद्या जुन्या शहरात जाऊन यायचं, असं तिच्या मनात होतं. गोवा, दीव, कोची, पुदुच्चेरी. आम्हा भोपाळकरांची ही नेहमीची हौस. तलाव दोन पावलांवर, समुद्र मात्र रात्रभराच्या अंतरावर. "कोचीला पोचेपर्यंतच रविवार संपेल," असं हे म्हणाले आणि यादी तिथेच अडली.

आई कोपऱ्यात मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "वसई पण बंदरच होतं."

वसई आईचं माहेर. १९६८ साली लग्न होऊन ती भेलच्या क्वार्टरमध्ये आली. पुढे आजी-आजोबा गेले, मामांनी घर विकलं आणि जाणं संपलं. मी लग्नाकार्यांना ठाण्याला गेले, डोंबिवलीला गेले, पण तासाभरावरच्या वसईला आईला घेऊन एकदाही गेले नाही. दर वेळी "पुढच्या खेपेस" असं म्हणायचे. सप्टेंबरमध्ये आई देवळातून येताना दोन गल्ल्या पलीकडच्या एका फाटकासमोर बराच वेळ उभी राहिली. आपलं घर कुठलं, ते तिला सुचेना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की कुठे न्यायचं असेल तर आताच न्या. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

धाकट्याचा प्रश्न होता, "मम्मी, वहाँ देखने का क्या है?" (आमच्या घरात प्रश्न हिंदीत येतात, उत्तरं मराठीत जातात. तुमच्याकडेही असंच असेल.) मग मी त्याला भोपाळपासूनच सुरुवात करून सांगितलं. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला इथेच, आपल्या भोपाळात कोंडलं. जानेवारीत तह झाला तो सीहोर जिल्ह्यातल्या दोराह्याला. निजामाच्या मदतीला दक्षिणेतून फौज येऊ नये म्हणून तापीकाठी वाट अडवून कोण बसलं होतं? बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी अप्पा. दीड वर्षाने, मे १७३९ मध्ये, त्याच चिमाजीने पोर्तुगिजांकडून वसई घेतली. १५३४ पासून, म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त काळ ती त्यांच्याकडे होती. तटाखाली सुरुंग लावून, माणसं गमावून, महिनोन् महिने वेढा चालवून घेतलेला किल्ला. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. १७२१ साल कोरलेली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, ती वसईचीच असं मानतात. आपली गाडी रात्री तापी ओलांडेल आणि पहाटे नाशिकवरून जाईल, हे ऐकून तो जरा सरसावून बसला. १८०२ मध्ये याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, ते मात्र मी घाईने उरकलं.

आईला या लढायांचं फारसं काही नाही. तिला किल्ला म्हणजे शाळेची सहल, पडक्या चर्चच्या फरशीतले पोर्तुगीज लेख कोरलेले थडग्यांचे दगड, आणि दर्यादरवाजापलीकडे कोळ्यांच्या होड्या. तिच्या वर्गातल्या ख्रिस्ती मैत्रिणी घरी वेगळीच मराठी बोलत, ती तिला अजून थोडी येते. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा ती आठवडाभर "आमच्या वसईचे" म्हणत होती.

बेत लेकीने आखला. शुक्रवारी अर्धी सुट्टी, संध्याकाळी पंजाब मेल, शनिवारी सकाळी दादर. तिथून लोकल सोपी, पण दादरचा पूल आणि आईचे गुडघे यांचं जमणार नाही, म्हणून भाईंदरच्या जेटीपर्यंत टॅक्सी. खर्चाचा आकडा बघून हे गप्प बसले, नाही म्हणाले नाहीत. भाईंदरहून खाडी ओलांडणारी रो-रो बोट आहे, ती किल्ल्याजवळच उतरवते. बंदरात बोटीनेच शिरायचं, ही लेकीची कल्पना मला फार आवडली. रविवारी संध्याकाळी परत पंजाब मेल आणि सोमवारी सगळ्यांनाच उशीर.

अडलं ते एकाच जागी. लेकीने नकाशावर "आजीचं घर" म्हणून एक खूण केली होती. आईने ती पाहिली आणि आवाज चढवला. "तिथे आता बिल्डिंग आहे. बिल्डिंग बघायला एवढ्या लांब कशाला? इथे काय कमी आहेत?" लेक हिरमुसली. "मला आजीकडून तिथे उभं राहून ऐकायचं होतं," एवढंच म्हणाली. मी आईची बाजू घेतली. खूण पुसायला लावली.

त्याच रात्री अकरा वाजता आई माझ्या खोलीच्या दारात. "झोपलीस का ग?"

"नाही. काय झालं?"

"विहीर बुजवली असेल का ग त्यांनी?"

मी म्हटलं, "बघू या की जाऊन."

"लांबून," ती म्हणाली. "रिक्षातूनच. मी उतरणार नाही."

सकाळी लेकीने ती खूण परत टाकली. नाव बदललंय: "विहीर (लांबून)".

तिकिटांचं म्हणाल, तर आईला लोअर बर्थ मिळालाय, पण आमची चौघांची अजून वेटिंगवर आहेत. आईने आतापासूनच एक रिकामी पिशवी घडी घालून स्वतःच्या बॅगेत ठेवली आहे. सुकेळी मिळाली तर आणायला. कालपासून तिने तीनदा विचारलं, की पिशवी कुठे ठेवली.