गालफुग्या

दिवाळीच्या सुटींत इंदापूरच्या घरीं आमचा धाकटा बंधु सकाळीं उठे, तों त्याचे डोळे व गाल सुजलेले असत. आम्हीं त्यास ‘गालफुग्या’ म्हणून चिडविलें. पुढें पाय सुजले, लघवीस फेस येऊं लागला. तेव्हां आमचें हसूं मावळलें. आजीनें मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढली, आणि वडील त्यास घेऊन बारामतीस निघाले. आम्ही सोबत गेलों.

डॉक्टरांनीं लघवी परीक्षानळींत तापविली, तों ती शिजलेल्या अंड्यासारखी पांढरी झाली! रक्तांतील प्रथिन मूत्रपिंडाच्या चाळणींतून गळत होतें. लंडनच्या डॉ. रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं हेंच ग्रंथांत नोंदविलें; ते चमच्यांत लघवी तापवीत. रोगाचें नांव नेफ्रॉटिक सिंड्रोम.

शेजारच्या खाटेवर एक प्रौढ ऊसकरी होते. सूज तीच, पण त्यांस मूत्रपिंडाचा कण काढून तपासण्याकरितां पुण्यास जावयास सांगितलें. मोठ्यांत ह्या सुजेमागें नाना रोग असतात, मधुमेहही असतो. लहान मुलांत बहुधा साध्या सूक्ष्मदर्शकास कांहीं दोष दिसतच नाहीं, आणि अशीं बहुतेक मुलें प्रेडनिसोलोननें सुधारतात. म्हणून त्यांस आधीं गोळ्याच देतात.

तीन आठवड्यांत सूज उतरली. गोळ्यांमुळें गाल मात्र पुन्हां फुगले. ह्या वेळीं आम्हीं चिडविलें नाहीं. सर्दीपडशानंतर हा आजार उलटतो, म्हणून रोज सकाळीं नळी तापविण्याचें काम आम्हीं मागून घेतलें आहे. काल त्यास शिंका आल्या होत्या. आज नळी निवळ राहिली.