कोंबडा की कोंबडी?

आमच्या आजोळी मे महिन्यात आंब्याचं कौतुक मोठ्या माणसांना. मामा आंबे मोजायचा, पेट्या भरायचा, मुंबईला धाडायचा. डागी तेवढे आमच्या वाट्याला. करवंदं मात्र कुणी मोजत नव्हतं, म्हणून ती आमची.

रत्नागिरीकडचा सडा म्हणजे नजर जाईल तिथवर काळा कातळ. नऊ-दहा वाजले की त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. म्हणून पेज पिऊन सातलाच निघायचं. पुढे मामेभाऊ, म्हणजे दादा. मागे आम्ही मुंबईकर, हातात आजीची तांदूळ धुवायची रोवळी. (ती नेल्याबद्दल रोज बोलणी खायची आणि रोज न्यायची.) जाळीपाशी पोचलं की दादा आधी काठीने बुंधा झोडपायचा. फुरसं तिथेच दगडाच्या सावलीला असतं. हातभरही लांब नाही, रंग मातीचा, पण त्याच्या नावाने सड्यावर भले भले जपून पाऊल टाकतात.

मग तोडणी. करवंद हिरव्याचं लाल होतं, लालाचं काळं. लाल-काळ्यातलं फसवतं: दिसायला देखणं, पण दात आंबवणारं. खरं पिकलेलं पूर्ण काळं, तुकतुकीत असतं आणि बोट लागलं की देठ सोडतं. ओढावं लागलं तर समजायचं, अजून चार दिवस आहेत. देठाशी पांढरा चीक येतो, तो ओठांना असा चिकटतो की दुपारी आजी खोबरेल लावून सोडवायची आणि म्हणायची, "तोडायचं होतं, ओरबाडायचं नव्हतं गो."

खाण्याआधी मात्र प्रश्न ठरलेला: कोंबडा की कोंबडी? उत्तर द्यायचं, मगच चावायचं. गर लाल निघाला तर कोंबडा, पांढरट निघाला तर कोंबडी. हरणाऱ्याने आपलं एक करवंद द्यायचं. दादा क्वचितच हरायचा. वरून रंग बघून ओळखतो म्हणायचा. मी आयुष्यभर बघते आहे, मला काही ओळखता आलेलं नाही.

प्रत्येक जाळीची चव वेगळी. एक आंबट, शेजारची तुरट, तिसरीत नुसत्या बिया. दादाची म्हणून एक गोड जाळी होती. तिथे तो आम्हाला कधी नेत नसे. आम्ही गडग्यावर बसायचो, तो तासाभराने फणसाच्या पानांचा खोला भरून यायचा आणि त्यातलं एकही करवंद आंबट नसायचं. आम्ही पाळत ठेवली, लाच म्हणून गोट्या देऊ केल्या. पठ्ठ्याने ठिकाण सांगितलं नाही.

घरी आल्यावर आजीचा कायदा सुरू. करवंदं लगेच धुवायची नाहीत. पाणी लागलं की साल मऊ पडते. सुपात एकाच थरात पसरायची, फुटलेली बाजूला काढायची, पडवीच्या गारव्याला ठेवायची. खायच्या वेळी पाण्यात टाकायची म्हणजे चीकही जातो, मग वर मिठाची चिमूट. दोन दिवसांत संपवायची. मृगाचा पाऊस लागला की हंगाम आटोपला. मग फळ पाणचट होतं, आत अळी सापडते.

हा कायदा एकदाच मोडला. मैत्रिणींना दाखवायची म्हणून मी स्टीलचा डबा ठासून भरला, करवंदं धुतली, झाकण घट्ट लावलं आणि रात्रीच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले. सकाळी मुंबईत डबा उघडला तर आत जांभळा रस आणि दारूसारखा आंबूस वास. आईने डबा तीनदा घासला. चीक काठाला तसाच.

हल्ली करवंदं दारात येत नाहीत. तरी मे महिन्यात कर्जत-नेरळकडून जाताना ठाकर-कातकरी बायका पळसाच्या पानांचे द्रोण घेऊन बसलेल्या दिसतात. आधी एक चाखून बघा. त्या हसून देतात. एरवी करवंद शहरात भेटतं ते वेषांतर करून. केकवर जी लालभडक चेरी बसवतात ती बहुतेकदा करवंदच असते: कच्चं फळ, बिया काढलेलं, रंग घालवलेलं, पुन्हा रंगवून साखरेच्या पाकात मुरवलेलं. नातवाच्या वाढदिवसाला हे सांगितलं तर त्याने चेरी काढून माझ्या बशीत ठेवली. मी खाल्ली. नुसती साखर.

दादा आता सत्तरीचा. मागच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा म्हटलं, "आता तरी दाखव ती जाळी." तो हसतच सुटला. "कसली जाळी, बायो? दहा जाळ्या फिरायचो. प्रत्येकीत दोन-तीनच सापडत. तुम्ही शहरातली पोरं, तुम्हाला आंबट कसं द्यायचं?"

तासभर ऊन डोक्यावर घेऊन वेचलेली ती करवंदं आम्ही पाच मिनिटांत संपवायचो, वर "एवढीच?" म्हणायचो.

यंदा दिवाळीच्या आधी त्याने करवंदाच्या लोणच्याची बरणी धाडली आहे. एप्रिलातली कच्ची करवंदं, बोटांना तेल लावून चिरलेली, बिया काढून मोहरी-गुळात मुरवलेली. चकलीबरोबर छान लागतं. नरकचतुर्दशीलाच निम्मी बरणी संपली.