सात मिनिटांचा हिशोब

द्रोणागिरीचे रस्ते रुंद आहेत. पण त्यांवरून न्हावा-शेव्याकडे कंटेनरचे ट्रेलर धावतात. तेथे भरधाव गाडी हाकणे हा खेळ नव्हे, दुसऱ्याच्या जिवाशी केलेला सौदा आहे.

येथील एका किराणा व्यापाऱ्याच्या मुलाला मोटारशर्यतीचे वेड लागले. शर्यतीची गाडी, टायर, मेकॅनिक असा खर्च ऐकताच वडिलांनी रोजमेळ मिटला. परंतु ट्रॅक हे या खेळाचे एकमेव दार नव्हे. ‘टाइम-स्पीड-डिस्टन्स’ रॅलीत घरचीच सुस्थितीतील गाडी चालते. नेमून दिलेली सरासरी राखायची. उशीर झाला तर दंडगुण, आणि लवकर पोहोचले तरी दंडगुणच! म्हणून रोडबुकातील वळणांच्या आकृत्या वाचणारा नेव्हिगेटर चालकाइतकाच मोलाचा. ताशी 36 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 600 मीटर, तेव्हा 4.2 किलोमीटरला सात मिनिटे. हे गणित वडिलांनी गल्ल्यावर बसूनच तोंडी सोडवले आणि मुलाला नेव्हिगेटर मिळाला.

उरला खर्च प्रवेशशुल्काचा, पेट्रोलचा आणि मोठ्या स्पर्धांसाठी एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाच्या परवान्याचा. अलॉय व्हीलचा हट्ट नामंजूर झाला. आधी ब्रेक तपासून घेतले गेले, आणि ते योग्यच झाले.

आता रविवारी पहाटे, वर्दळ सुरू होण्यापूर्वी, दोघे किलोमीटरच्या दगडांवरून गाडीचे मीटर पडताळतात. ते किंचित पुढे पळते, अशी नोंद वडिलांनी वहीच्या मागच्या पानावर केली आहे.