गोळी आणि गाऱ्हाणे

आमच्या वाडीत वर्षातून एकदा राखण देतात. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकांना राखण म्हणजे काय ते सांगायला नको. पण आपल्या महाविद्यालयात घाटावरून आलेले प्राध्यापक आहेत, मित्र आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. गावाच्या शिवेवर किंवा माडांच्या बागेच्या कोपऱ्यात, एखाद्या जुन्या झाडाखाली राखणदाराचे ठिकाण असते. तो कोणाला दिसत नाही, पण रात्री-अपरात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो अशी श्रद्धा आहे. त्याचा वर्षाचा मान म्हणजे कोंबडा, नारळ, विडी आणि दारूची बाटली. वाडीतला वडीलधारा माणूस हात जोडून गाऱ्हाणे घालतो. प्रत्येक मागण्यामागून जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणतात. बाटलीतले चार थेंब जमिनीवर पडतात आणि उरलेली बाटली माणसांकडे येते.

दोन वर्षांपूर्वीच्या राखणीला ती बाटली फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. ही हकीकत तिथून सुरू होते. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. या महाविद्यालयात ती मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. मला फिट येते. आमच्याकडे तिला फेफरे म्हणतात, पुस्तकात अपस्मार.

पहिली फिट दहावीत असताना आली, भर वर्गात, मराठीच्या तासाला. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी कोणाची तरी चप्पल होती आणि मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबलेला होता. आईने आधी मला घाड्याकडे नेले. त्याने बाधा सांगितली, मनगटाला दोरा बांधला. दोरा सुटायच्या आत दुसरी फिट आली. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बांबोळीला न्या." आमच्या सिंधुदुर्गात दुखणे अंगापेक्षा मोठे झाले की माणूस गोव्याची वाट धरतो. बांबोळीला माझ्या मेंदूचा आलेख काढला आणि कार्बामाझेपाइन नावाची गोळी सुरू झाली. सकाळी एक, रात्री एक. त्यानंतर तीन वर्षे एकही फिट आली नाही.

गोळ्यांची पाकिटे आई शिकेकाईच्या डब्यात ठेवी. पाहुण्यांना ती दिसू नयेत म्हणून. "कोणाक सांगू नको हां," ती मला बजावी, "तुझ्या भयणीचा लगीन व्हवचा असा." तिला दोष देण्याची माझी इच्छा नाही. तिची भीती आभाळातून पडलेली नव्हती. वारंवार फेफरे येणाऱ्या माणसाच्या लग्नाला आपल्या हिंदू विवाह कायद्यातच आडकाठी होती. १९९९ साली संसदेने तो शब्द कायद्यातून काढून टाकला. कायद्याच्या पुस्तकातून शब्द काढता येतो. सोयरीक जुळवणाऱ्यांच्या कुजबुजीतून तो काढायला अजून कोणाला जमलेले नाही.

तर बाटली माझ्यासमोर आली. ती धरणाऱ्या वृद्ध गृहस्थांना सगळी वाडी तात्या म्हणते. "घे रे झिला," ते म्हणाले, "देवाचो परसाद. नको म्हणू नये." माझे वय तेव्हा एकोणीस. महाराष्ट्रात कडक दारूला वयाची अट २५ वर्षांची आहे. पण राखणीला कोण कोणाचे वय विचारतो? नाही म्हणायला कारण लागते. औषध चालू आहे असे म्हटले असते, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, "कसला औषध?" त्या प्रश्नाचे उत्तर शिकेकाईच्या डब्यात होते. मी करवंटी पुढे केली.

खरे सांगायचे तर मी सगळे आधीच ठरवून आलो होतो. दारू आणि गोळी पोटात एकत्र आल्या की वाईट होते, असे कोणाच्या तरी तोंडून ऐकले होते. तेव्हा दोन्हींची गाठच पडू द्यायची नाही, एवढा साधा हिशेब मी केला आणि रात्रीची गोळी घेतली नाही. मला त्यात माझी हुशारी वाटली होती. त्याच रात्री शेजारच्या गावात जत्रा होती. आम्ही चार-पाच मित्र दशावतार पाहायला गेलो. नाटकाच्या मधूनमधून मांडवामागे आणखी दोनदा करवंटी फिरली. मृदंग आणि झांज पहाटेपर्यंत थांबली नाही. डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताना घरी आलो, तेव्हा तोंडाला वास येत होता. म्हणून सकाळची गोळीही मागे ठेवली.

इतक्यात रापणीवरून हाक आली. रापण म्हणजे अर्धचंद्रासारखे समुद्रात सोडलेले लांबलचक जाळे. होडीतून ते सोडतात आणि किनाऱ्यावर दोन बाजूंना माणसांच्या दोन रांगा त्याचे दोर ओढतात. हात लावील त्याला वाटा मिळतो. मी दोराला हात घातला. पाणी गुडघ्याएवढे होते. थोड्या वेळाने नाकात वायर जळल्यासारखा वास आला. तो वास माझ्या ओळखीचा होता. दहावीत दोन्ही वेळा तो आला होता. तोंड उघडण्याआधीच सगळे मिटून गेले.

जाग आली ती वाळूवर. जीभ चावली गेली होती, घशात खारे पाणी होते. कोणीतरी मला कुशीवर वळवून, मान सावरून धरले होते. भोवती घोळका होता. त्या घोळक्यातला आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. "पिऊन पडलो तो. रातभर जत्रेत पियत होते." कोणी हसले. कोणी म्हणाले, "आजकालची पोरा!" आणि मित्रहो, ते ऐकून मला लाज वाटली नाही, मला सुटल्यासारखे झाले. मी उठून बसलो आणि रक्ताची थुंकी गिळून म्हणालो, "व्हय, जरा जास्ती झाली."

हा लेख लिहायला बसलो तो या एका वाक्यासाठी. आमच्या गावात दारुडा म्हणवून घेतलेले चालते. दारुड्याला लोक हसतात, शिव्या देतात, पण रात्री उचलून घरीही आणतात. त्याच्या पोरांची लग्ने होतात. फेफरेवाला म्हणवून घेणे चालत नाही. दोन नावांतले एक निवडायची पाळी आली तेव्हा मी मुकाट्याने दारूचे नाव घेतले.

घोळका पांगला. मला कुशीवर वळवणारा रापणकार मागे राहिला. पाण्यात पालथा पडलो होतो तो मला त्यानेच उचलले होते. त्याने नाकाला कांदा लावला नव्हता, दातांत चमचा घातला नव्हता, हातपाय दाबून धरले नव्हते. फक्त कुशीवर केले, डोक्याखाली आपला टॉवेल ठेवला आणि झटके थांबेपर्यंत तो थांबला. हे त्याला कसे ठाऊक, असे मी विचारले. तो इकडे तिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "माझ्या चेडवाक पण येता. कोणाक बोलू नको." म्हणजे त्या किनाऱ्यावर खरे काय झाले ते दोघांना माहीत होते आणि आम्ही दोघेही गप्प होतो. त्याचे नाव मी येथे लिहिलेले नाही, लिहिणारही नाही. त्याच्याबद्दल इतके लिहिण्यापूर्वी त्याला विचारले आहे.

त्या रात्री आजी माझ्या उशाशी येऊन बसली. आजोबांचे धाकटे भाऊ विहिरीत पडून गेले, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होतो. "पीत असत, पिऊनच गेले," असे घरात सांगत. आजी म्हणाली, "पियत होतो ता खरा. पण फेफरा होता तेका. झोपेच्या गोळये घेय." देव्हाऱ्यामागे त्यांच्या गोळ्यांची बाटली सापडली होती. ती आजीनेच परसात पुरली. जवळजवळ पन्नास वर्षे आमच्या घराने त्यांना दारुडे ठरवले होते, कारण ते नाव सोयीचे होते.

दुसऱ्या आठवड्यात मी पहाटेच्या एस.टी.ने बांबोळीला गेलो, प्रथमच एकटा. डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न दारूबद्दल नव्हता. "गोळ्या किती चुकल्या?" असे त्यांनी विचारले. दोन, मी म्हणालो. "आणि झोप?" सबंध रात्र. मग ते म्हणाले, "फिट येण्याची तीन कारणे तू एकाच रात्रीत गोळा केलीस." नेमाने चाललेली गोळी एकदम थांबली की तिचे रक्तातले प्रमाण उतरते आणि दबून असलेला आजार उचल खातो. जागरणाने मेंदू आणखी हळवा होतो. दारूचे वागणे फसवे असते. ती अंगात असते तोवर मेंदूला गुंगवते, उतरू लागली की दाबलेले सगळे वर येते. पाण्याखाली हाताने दाबून धरलेला सुका नारळ हात सोडताच कसा उसळतो, तसे. त्यामुळे फिट पुष्कळदा पिताना येत नाही. प्याल्यानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत केव्हाही येते. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात ती तोडली, तर कधीच फेफरे नसलेल्या माणसालाही फिट येऊ शकते. अशाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

धाकट्या आजोबांची गोष्टही मी सांगितली. त्यांची गोळी बहुधा फेनोबार्बिटोन असावी, असे डॉक्टर म्हणाले. १९१२ पासून ते औषध फेफऱ्यावर वापरात आहे. स्वस्त आहे, गुणही येतो. पण तेही मेंदूला गुंगवते आणि दारूही गुंगवते. दोन्ही मिळून श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. माझ्या गोळीनेही दारूची सुस्ती वाढते, तोल जातो. १९३८ साली पुढे आलेल्या फेनिटॉइनची तऱ्हा आणखी वेगळी. रोज पिणाऱ्याचे यकृत ते औषध लवकर फोडून टाकते आणि नेमाने गोळी घेऊनही ती पुरी पडत नाही.

"म्हणजे मी जन्मात कधीच घ्यायची नाही का?" मी विचारले. ते मला रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "थोडी घेऊन काहीच न झालेली माणसे आहेत. पण कोणाची रेघ कुठे आहे, हे ती ओलांडल्यावरच कळते. तुला मी नको असेच म्हणेन. मात्र माझे नाही ऐकलेस, तरी एक लक्षात ठेव. दारूसाठी गोळी कधी चुकवायची नाही. आणि पाण्यात एकट्याने उतरायचे नाही." निघताना त्यांनी विचारले, "नाही म्हणायला तुला काय अडचण होती?" त्या प्रश्नाचे उत्तर मी परतीच्या एस.टी.त बसून शोधत होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, आणि नीट उपचार मिळाले तर शंभरातल्या सत्तर जणांची फिट थांबू शकते. चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे आपल्याकडच्या वैद्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच त्याला रोगांच्या यादीत बसवले होते. आम्ही अजून त्याला शिकेकाईच्या डब्यात बसवतो. ५ कोटी हा आकडा वाचला तेव्हा मला आमचा किनारा आठवला. तिथे दोघे होतो आणि प्रत्येकाला वाटत होते की आपण एकटेच आहोत.

मागच्या वर्षी राखणीचा दिवस आला. आदल्या रात्री मी आईला आणि ताईला म्हणालो, उद्या मी सांगणार आहे. आई रडली. ताई म्हणाली, "सांग. ज्याला हे ऐकून सोयरीक नको होईल, त्याचा पत्ता आधीच लागलेला बरा." तिच्याच होकाराने हे छापायलाही दिले आहे.

गाऱ्हाण्याच्या आधी मी तात्यांना बाजूला घेतले. म्हटले, "तात्यानू, माका बाटली दिव नको. माका फेफरा असा. मी गोळये घेतंय. गेल्या वर्षी रापणीवर पडलंय तो पिऊन नाय, गोळी चुकवलंय म्हणान." ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "मगे ह्या देवाक कित्याक सांगूक नाय?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते झाडाखाली उभे राहिले, हात जोडले आणि नेहमीचे गाऱ्हाणे सुरू झाले. पाऊसपाणी झाले, गुरेढोरे झाली, मुंबईला गेलेली पोरे झाली. प्रत्येक मागण्याला मंडळींचा हुंकार पडत होता. शेवटी तात्या क्षणभर थांबले. "आणि म्हाराजा, ह्या आमच्या झिलाक फेफऱ्याचो तरास असा. तेच्या गोळयेक येश दी. तेका पाण्यापासून राख. तेका कोणी बाटली पुढे केली, तर तेच्या तोंडात नको म्हणूक बळ दी, म्हाराजा!"

क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मला वाटले, आता कुजबुज सुरू होणार. मग मागच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" मी वळून पाहिले. तो रापणकार होता. त्याच्यामागून बाकीची वाडी म्हणाली.

बाटली फिरली. माझ्या करवंटीत तात्यांनी शहाळ्याचे पाणी ओतले. रात्री आठ वाजता पडवीत बसून, चार पाहुण्यांच्या देखत, मी माझी गोळी घेतली. एकाने विचारले, "कसली रे?" मी सांगितले. त्याने मान डोलावली आणि वड्यांचे ताट माझ्यापुढे सरकवले.